अंडाशयातील गाठ आणि तिच्या रक्तवाहिन्या

साठी ओलांडलेल्या स्त्रीचे पोट काही आठवडे जड वाटत राहते. कोणी त्याला गॅस म्हणतो, कोणी वयाला दोष देतो. ओवा, हिंग, पादेलोण असे घरगुती उपाय करून झाले की कधीतरी सोनोग्राफी होते आणि अंडाशयात गाठ असल्याचे कळते. त्या अहवालात गाठीच्या आकारमानाच्या जोडीला बहुधा आणखी एक नोंद असते. गाठीत ‘व्हॅस्क्युलॅरिटी’ आहे, किंवा नाही, अशी ती नोंद. व्हॅस्क्युलॅरिटी म्हणजे गाठीला होणारा रक्तपुरवठा. ही नोंद वाचून काही कुटुंबे हादरून जातात, तर काही कुटुंबे निर्धास्त होऊन पुढील तपासणी लांबणीवर टाकतात. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीतून येतात. रक्तवाहिन्यांची वाढ गाठीविषयी पुष्कळ काही सांगते, परंतु गाठ कोणत्या प्रकारची आहे हे लक्षात घेतल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. आजच्या लेखात हाच विषय समजून घेऊ.

महिन्याकाठची बांधणी

प्रौढ माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या सहसा तयार होत नाहीत. जखम भरून येताना त्या वाढतात आणि काम संपले की वाढ थांबते. अंडाशय हा याला मोठा अपवाद आहे. पाळी सुरू असेपर्यंत दर महिन्याला एक बीजकोष पिकतो, त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते आणि मागे उरलेल्या कोषाचा पीतपिंड बनतो. या इवल्याशा पिंडाला संप्रेरके रक्तात सोडायची असतात. म्हणून त्याच्याभोवती काही दिवसांतच केशवाहिन्यांचे दाट जाळे विणले जाते. गर्भधारणा झाली नाही, तर तेच जाळे उसवलेही जाते. तरुण स्त्रीच्या सोनोग्राफीत अंडाशयात रक्तप्रवाहाचे झगझगीत कडे दिसले, तर ते पुष्कळदा या पीतपिंडाचे असते आणि पूर्णपणे नैसर्गिक असते.

रजोनिवृत्तीनंतर ही उलाढाल थांबते. अंडाशय आक्रसतात आणि त्यांचा रक्तपुरवठाही घटतो. म्हणूनच पासष्टीच्या स्त्रीच्या अंडाशयात भरघोस रक्तप्रवाह दिसला, तर त्याचे कारण शोधणे अगत्याचे ठरते. तीच नोंद पस्तिशीच्या सुनेच्या अहवालात असेल आणि सासूबाईंच्या अहवालात असेल, तर तिचा अर्थ सारखा नसतो. घरातल्या दोन अहवालांची परस्परांशी तुलना करू नये, याचे हे पहिले कारण.

गाठीला रक्त का लागते?

पेशीला प्राणवायू रक्तातून मिळतो आणि तो केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे पुरेसा पोहोचत नाही. त्यामुळे स्वतःचा रक्तपुरवठा नसलेली गाठ ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान असतानाच खुंटते. ही गोष्ट अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांच्या ध्यानात आली ती १९६०च्या दशकाच्या प्रारंभी. नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत कर्कपेशी रुजवल्या. गाठी मिलिमीटरभर वाढून थांबल्या. त्याच गाठी उंदरांच्या शरीरात ठेवल्यावर मात्र भराभर वाढल्या, कारण तेथे त्यांना रक्तवाहिन्या मिळाल्या. १९७१मध्ये फोकमन यांनी जाहीरपणे मांडले की, अर्बुद आपल्याकडे रक्तवाहिन्या ओढून घेते आणि ही क्रिया रोखता आली, तर ते उपचाराचे एक साधन ठरू शकेल. या मताकडे अनेक वर्षे शंकेने पाहिले गेले.

पुढचा धागा पोटातील पाण्याशी जोडलेला आहे. १९८३मध्ये डोनाल्ड सेंगर, हॅरॉल्ड ड्वोराक आणि सहकाऱ्यांनी गिनीपिग या प्राण्यांच्या अर्बुदांतून स्रवणारे एक प्रथिन शोधले. त्याच्या प्रभावाने रक्तवाहिन्या झिरपू लागत आणि पोटात पाणी साठे. १९८९मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे एक प्रथिन वेगळे केले. ही दोन्ही प्रथिने एकच असल्याचे स्पष्ट झाले. आज त्याला ‘व्हीईजीएफ’ म्हणतात. एकच रेणू रक्तवाहिन्या वाढवतो आणि त्यांना झिरपणाऱ्याही बनवतो. अंडाशयाच्या कर्करोगात पोट इतक्या लवकर का फुगते, याचे एक मोठे कारण हेच आहे.

अशा घाईने वाढलेल्या वाहिन्या सुबक नसतात. त्या वेड्यावाकड्या असतात, त्यांच्या भिंती कच्च्या असतात आणि सभोवतालचे स्नायूंचे अस्तर अपुरे असते. परिणामी गाठीच्या काही भागांत रक्ताचा लोंढा असतो, तर काही भाग उपाशी राहून मृत होतात.

प्रत्येक गाठीची तऱ्हा निराळी

अंडाशयात अनेक प्रकारच्या पेशी असतात, म्हणून तेथे होणाऱ्या गाठींचे प्रकारही अनेक आहेत. आपल्या वाचकांच्या वयोगटात आढळणारे प्रमुख प्रकार पाहू.

पातळ भिंतीची, आत केवळ पाणी असलेली साधी गाठ रजोनिवृत्तीनंतरही पुष्कळ स्त्रियांमध्ये आढळते. तिच्या आत रक्तप्रवाह नसतो. अशा गाठीत कर्करोगाची शक्यता अत्यल्प असते आणि लहान गाठीवर नुसते लक्ष ठेवणे बहुधा पुरेसे होते.

डर्मॉइड गाठीत चरबी, केस, क्वचित दातही असतात. हा प्रकार तरुण वयात अधिक दिसतो, परंतु वर्षानुवर्षे न कळता राहिलेली गाठ उतारवयातही सापडते. तिच्यात रक्तवाहिन्या सहसा तुरळक असतात. जुन्या डर्मॉइडमध्ये भरीव, रक्ताने समृद्ध असा नवा भाग दिसू लागला, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

फायब्रोमा ही तंतुमय, भरीव आणि निरुपद्रवी गाठ. तिच्यात रक्तप्रवाह बहुधा कमी असतो. तरीही काही वेळा तिच्यामुळे पोटात आणि छातीतही पाणी होते. बोस्टनचे डॉक्टर जो मेग्ज यांनी १९३७मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, म्हणून या स्थितीला ‘मेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. गाठ काढली की पाणी आपोआप ओसरते. पोटात पाणी दिसले म्हणून आशा सोडू नये, हे सांगणारे हे ठळक उदाहरण आहे.

ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ याच्या उलट. ती संप्रेरके स्रवते आणि तिच्यात रक्तवाहिन्या विपुल असतात, इतक्या की ती कधी फुटून पोटात रक्तस्रावही होतो. हा कर्करोगच असला तरी तो बहुधा सावकाश वाढतो आणि सुरुवातीच्या टप्प्यात सापडतो. पाळी जाऊन अनेक वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावर लाल जाऊ लागणे, हे त्याचे एक लक्षण. तो दहा-वीस वर्षांनीही परतू शकतो, म्हणून त्याची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते.

म्युसिनस म्हणजे चिकट द्रव भरलेल्या गाठी कधी भोपळ्याएवढ्या होतात, पण त्यांतील बहुसंख्य साध्या असतात. आकार मोठा म्हणजे रोग मोठा, हे समीकरण येथे चुकते.

सर्वांत अधिक आढळणारा आणि अधिक घातक प्रकार म्हणजे उच्च श्रेणीचा सिरस कर्करोग. त्याचा उगम पुष्कळदा अंडवाहिनीच्या टोकाशी होतो. तो उदरपोकळीच्या अस्तरावर पसरतो, व्हीईजीएफ स्रवतो आणि पोटात पाणी करतो. क्लिअर सेल या प्रकारात रक्तवाहिन्यांच्या वाढीबरोबरच पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती दिसते. एकाच पायाला आलेली सूज हे कधीकधी त्याचे पहिले चिन्ह असते.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रक्तवाहिन्या मोजण्याचीही पद्धत आहे. सरासरी पाहता साध्या गाठींपेक्षा कर्करोगात त्या अधिक आढळतात, परंतु दोन्ही गटांची सरमिसळ इतकी असते की केवळ त्या संख्येवरून निदान ठरवता येत नाही.

डॉप्लरचा रंग कसा वाचावा

डॉप्लर सोनोग्राफीत पडद्यावर लाल आणि निळा रंग उमटतो. लाल म्हणजे धोका आणि निळा म्हणजे सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. रक्त यंत्राच्या दिशेने येते आहे की दूर जाते आहे, एवढेच ते रंग दाखवतात. महत्त्व असते ते रंग किती आणि गाठीच्या कोणत्या भागात आहे याला. भिंतीलगतची एखादी वाहिनी वेगळी आणि गाठीच्या आतील भरीव भागात, अंकुरांसारख्या उंचवट्यांत शिरलेल्या वाहिन्या वेगळ्या.

‘आयोटा’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या पद्धतीत रक्तप्रवाहाला १ ते ४ असे गुण देतात. १ म्हणजे प्रवाह नाही, ४ म्हणजे अतिशय भरघोस. या गटाने २००८मध्ये मांडलेल्या साध्या नियमांत १ हा गुण गाठ साधी असल्याच्या बाजूने आणि ४ हा गुण कर्करोगाच्या बाजूने धरला जातो. पण तो पाच निकषांपैकी एक आहे. गाठीची कड अनियमित आहे का, आत अंकुर किती आहेत, पोटात पाणी आहे का, हेही तितकेच पाहिले जाते. २ आणि ३ हे गुण तर कोणत्याच बाजूला झुकत नाहीत. अहवालात नुसते ‘व्हॅस्क्युलॅरिटी आहे’ असे असेल, तर डॉक्टरांना विचारावे की ती किती आहे आणि कुठे आहे.

रक्तप्रवाह नसणेही नेहमी चांगले नसते. ओटीपोटात अचानक असह्य कळ, सोबत उलट्या, आणि गाठीत प्रवाह नाही, असे असेल तर गाठीला पीळ पडून तिचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. ही तातडीची शल्यक्रिया असते. उलट, थोडा प्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच, असेही म्हणता येत नाही.

‘सीए-१२५’ या रक्तचाचणीचेही तसेच. ती कर्करोगात वाढते, पण मेग्ज सिंड्रोममध्ये, हृदयविकाराने अंगात पाणी साठल्यास आणि पोटाच्या क्षयरोगातही वाढू शकते. आपल्याकडे पोटाचा क्षयरोग दुर्मीळ नाही. पोटात पाणी, वाढलेली सीए-१२५ आणि उतरलेले वजन असे चित्र असूनही आजार औषधांनी पूर्ण बरा होणारा क्षय निघाल्याची उदाहरणे स्त्रीरोगतज्ज्ञांना परिचित आहेत. म्हणून ऊतिपरीक्षणाचा निकाल येण्यापूर्वी आजीला ‘शेवटचा आजार’ झाल्याचे नातेवाइकांत सांगत सुटू नये.

एक सूचना मात्र ठामपणे द्यावीशी वाटते. संशयास्पद गाठीतील पाणी सुईने काढून टाकण्याचा आग्रह धरू नये. गाठ अंडाशयापुरती असेल, तर तिला छेद गेल्याने कर्कपेशी पोटात सांडू शकतात. ती शक्यतो अखंड काढणे योग्य असते, आणि हे काम स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यक्रियेत प्रशिक्षित असलेल्या डॉक्टरांकडे सोपवावे.

रक्तवाहिन्या रोखणारे औषध

फोकमन यांनी मांडलेली कल्पना औषधात उतरली ती बेव्हासिझुमॅबच्या रूपाने. ही प्रतिपिंड औषधी व्हीईजीएफला पकडून निष्प्रभ करते. २००४मध्ये अमेरिकेत ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाली आणि पुढे अंडाशयाच्या कर्करोगातही वापरात आली. भारतात तिची जैवसदृश रूपेही उपलब्ध आहेत. साधारणतः दर तीन आठवड्यांनी ती शिरेतून देतात.

या औषधाने काय मिळते, हे कुटुंबाने स्पष्टपणे जाणून घ्यावे. १,८७३ स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या केमोथेरपीने रोग निम्म्या रुग्णांत सुमारे १०.३ महिने आटोक्यात राहिला. केमोसोबत आणि त्यानंतरही हे औषध चालू ठेवल्यावर तो काळ १४.१ महिने झाला. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. दुसऱ्या एका चाचणीत ज्यांचा रोग अधिक पसरलेला होता किंवा शल्यक्रियेनंतरही बराच उरला होता, अशा स्त्रियांचे आयुष्य सरासरी पाचेक महिन्यांनी वाढल्याचे दिसले. नेहमीच्या प्लॅटिनमयुक्त केमोला दाद न देणाऱ्या रोगात, २०१४मधील अभ्यासानुसार, रोग आटोक्यात राहण्याचा काळ ३.४ महिन्यांवरून ६.७ महिन्यांवर गेला. त्याच अभ्यासात पोटाच्या तक्रारींत ठळक आराम पडलेल्या स्त्रियांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले. पोटातील पाणी कमी होणे, दोन घास सुखाने खाता येणे, रात्री आडवे पडता येणे, यांचे मोल शुश्रूषा करणाऱ्यालाच कळते.

येथेही गाठीचा प्रकार आडवा येतो. ग्रॅन्युलोसा आणि तिच्यासारख्या गाठींत रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून तेथे हे औषध विशेष गुणकारी ठरेल असे वाटले होते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत केमोला त्याची जोड दिल्याने रोग आटोक्यात राहण्याचा काळ लांबला नाही. वाहिन्या पुष्कळ दिसतात म्हणून वाहिन्या रोखणारे औषध चालेलच, असे नाही. दागिने मोडून हे औषध घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आमच्या रुग्णाचा प्रकार कोणता, टप्पा कोणता, आणि या औषधाकडून आपण नेमकी कशाची अपेक्षा ठेवतो आहोत?

घरच्यांनी काय पाहावे

गाठीतील वाहिन्या रोखणारे औषध निरोगी वाहिन्यांवरही परिणाम करते. ज्येष्ठ रुग्णांत त्याकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते.

रक्तदाब वाढणे हा नेहमीचा परिणाम. घरी यंत्र असावे, ठरलेल्या वेळी रक्तदाब मोजून वहीत लिहावा आणि प्रत्येक मात्रेच्या वेळी ती वही सोबत न्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. तीव्र डोकेदुखीसह दृष्टी अंधुक झाली किंवा रुग्ण गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे.

लघवीतून प्रथिने जाऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली लघवीची तपासणी टाळू नये.

पोटात अचानक तीव्र दुखणे, पोट ताठर होणे, ताप किंवा उलट्या ही धोक्याची खूण समजावी. थोड्या रुग्णांत, शंभरात सुमारे दोघी-तिघींत, आतड्याला छिद्र पडण्यासारखे गंभीर विकार होतात. वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहू नये.

एका पायाला सूज, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बोलताना अचानक जीभ अडखळणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. घोळणा फुटणे सामान्य आहे, पण रक्त थांबत नसेल तर कळवावे. रुग्ण ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे अन्य औषध घेत असेल, तर ते उपचारापूर्वीच सांगावे.

जखमा उशिरा भरतात. मोठी शल्यक्रिया आणि हे औषध यांत किमान २८ दिवसांचे अंतर ठेवतात. दात काढणे किंवा मोतीबिंदूची शल्यक्रियाही कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावी.

तपासणी केव्हा?

कोणतीही तक्रार नसताना सर्वच स्त्रियांनी दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी करावी का? ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २०२१मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार अशा सरसकट तपासणीने अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी आहे म्हणून ती करून घेण्याचे प्रयोजन नाही. ज्यांच्या आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी मात्र आनुवंशिक तपासणीविषयी तज्ज्ञांशी अवश्य बोलावे.

तक्रार असताना मात्र थांबू नये. पोट फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात वा पोटात दुखणे आणि वारंवार किंवा घाईने लघवीला लागणे, ही ती चार लक्षणे. ती नव्याने सुरू झाली असतील आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस जाणवत असतील, तर पन्नाशीपुढच्या स्त्रीने तपासणी करून घ्यावी. आतड्याच्या चंचलतेचा विकार साठीनंतर पहिल्यांदाच सुरू होणे तितकेसे संभवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर ते थेंबभर असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या घरांतील ज्येष्ठ स्त्रिया स्वतःच्या दुखण्याविषयी सहसा बोलत नाहीत, आणि ओटीपोटाचे दुखणे मुलाला वा सुनेला सांगताना संकोचतात. म्हणून विचारण्याची जबाबदारी घरच्यांवर येते. आईचे जेवण का घटले, साडीची गाठ अलीकडे सैल का बांधते, रात्री ती किती वेळा उठते, हे सोबत राहणाऱ्यांना दिसू शकते. ते दिसल्यावर पुढील आठवड्याची वेळ घेऊन तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि अहवाल हाती आल्यावर रक्तपुरवठ्याच्या त्या नोंदीपाशी न थांबता गाठीचा प्रकार कोणता असावा, हा प्रश्न विचारावा.